पाहुणा परदेशातला, नोंदवही आपली

"नाना, त्या परदेशी प्रकल्पांत आपला नंबर कसा लागतो?" जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी ऐकू येतो. विचारणारा कधी नुकताच बी.एस्सी. ॲग्री होऊन घरी आलेला असतो, कधी पुण्याची नोकरी सोडून वडिलांची बाग हाती घेतलेला, तर कधी शहाद्याकडची पपईवाली ताई असते. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे विमान असतं. मी उलट विचारतो, "वही आहे का?" आणि चेहरे पडतात.

हा लेख वहीपासून सुरू होतो आणि विमान शेवटी येतं. क्रम उलटा केलेली मंडळी मी पाहिली आहेत. ती फोटो घेऊन परत येतात.

एक गैरसमज मात्र आधीच काढून टाकू. परदेशाशी जोडणं म्हणजे काही नवं, आपल्या आवाक्याबाहेरचं आहे असं समजू नका. आपण जिला जी-नाईन म्हणतो ती केळी मुळात ग्रँड नैन. हे फ्रेंच नाव आहे आणि त्याचा सरळ अर्थ "मोठी बुटकी". ज्या ठिबकवर आपली बाग उभी आहे, ते तंत्र घरोघरी नेणारी पहिली मोठी कंपनी १९६५ मध्ये इस्रायलच्या वाळवंटात, हात्झेरिम नावाच्या सामूहिक वस्तीवर उभी राहिली. पुढे २००७ मध्ये जळगावच्या जैन इरिगेशनने इस्रायलच्याच नानदान कंपनीत निम्मा हिस्सा घेतला, म्हणजे वाट दोन्ही बाजूंनी वाहती आहे. आणि सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचा कृषी सहायक) गावात जी शेतीशाळा भरवतो, तिचं मूळ इंडोनेशियात आहे. तिथे भातावर तपकिरी तुडतुड्यांनी कहर केला होता. जितकी फवारणी वाढली तितके मित्रकिडे मेले आणि तुडतुडे वाढले. १९८९ मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने तिथल्या शेतकऱ्यांना बांधावर बसवून किडी मोजायला शिकवलं गेलं. तीच शाळा फिरत फिरत आपल्या कापसात आली.

तेव्हा दार उघडं आहे. आत जाताना हातात काय न्यायचं, एवढंच ठरवायचं आहे.

पायरी पहिली : एकच प्रश्न धरा

"शेती फायद्यात कशी आणायची?" हा प्रश्न पारावर ठीक आहे. त्याचं उत्तर नेदरलँड्सच्या वागेनिंगेन कृषी विद्यापीठातल्या प्राध्यापकाकडेही नाही. तुमचा प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर एका हंगामात, एका वावरात तपासता येईल. "मे महिन्यात घड लागलेल्या एका खोडाला रोज किती लिटर पाणी पुरतं?" हा चांगला प्रश्न. "हरण्या (केळीचा विषाणूजन्य रोग) झालेली खोडं पहिल्या दोन महिन्यांत उपटली तर शेवटी किती खोडं वाचतात?" हाही चांगला. चोपडा-अमळनेरकडचा कापूसवाला विचारेल, "फरदड, म्हणजे वेचणीनंतर पुन्हा बोंडांसाठी राखलेली कपाशी, न ठेवता डिसेंबरअखेर पऱ्हाट्या काढल्या तर पुढच्या वर्षी सापळ्यात गुलाबी बोंडअळीचे पतंग किती कमी येतात?" त्याच्या हातात तर आकडा आयता आहे. हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावायचे आणि सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आले की उपाय सुरू करायचा, हे आपल्याकडे सांगितलंच जातं. मोजायची सवय ज्याला आहे त्याच्याशी बाहेरचा संशोधक लगेच बोलायला लागतो.

प्रश्न सापडत नसेल तर गेल्या तीन वर्षांत सर्वांत जास्त पैसा कुठे गेला ते बघा. प्रश्न तिथेच कुठेतरी दबलेला असतो.

पायरी दुसरी : वही

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळं इथेच अडतं.

काही वर्षांपूर्वी एका परदेशी विद्यापीठाची पीएच.डी. करणारी मुलगी आमच्या बागेत आली होती. तिच्यासोबत दुभाषा होता. तिचा पहिला प्रश्न, बाग किती? मी म्हणालो, पाच हजार. पाच हजार काय? खोडं. तिला हेक्टर हवे होते. आपल्याकडे केळी एकरात कोण सांगतो? पाच बाय पाच फुटांवर लागवड असेल तर एकरी साधारण १७४० खोडं, सहा बाय पाचवर १४५०. म्हणजे पाच हजार खोडं एका हिशोबाने तीन एकरांच्या आत बसतात, दुसऱ्याने साडेतीनच्या आसपास जातात. मला माझं अंतर पाठ होतं, पण गेल्या वर्षी किती खोडं मेली, किती नव्याने लावली, कोणत्या ओळींत, हे काहीच लिहिलेलं नव्हतं. ती पुढे विचारत गेली आणि मी "अंदाजे" म्हणत गेलो. तिने सभ्यपणे पेन बंद केलं. तो पेन बंद झाल्याचा आवाज मला अजून आठवतो.

त्या संध्याकाळी मी रावेरहून दोनशे पानी, रेषांची वही आणली.

वहीत काय लिहायचं? पहिल्या पानावर गट नंबर, क्षेत्र हेक्टर आणि एकर दोन्हींत (एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर, आपल्या भाषेत जवळजवळ शंभर गुंठे), लागवडीची तारीख, अंतर, मोजलेली खोडं. त्यापुढे रोज एक ओळ. पाणी किती मिनिटं, खत काय आणि किती, फवारणी कशाची, औषधाचं नाव बाटलीवर असेल तसंच, किती लिटर पाण्यात किती मिली. मजूर किती. आभाळ होतं का, वारा होता का. जानेवारीत थंडीने पानं पिवळी पडून चरका बसला असेल तर त्या रात्रीचं किमान तापमान. बस, दोन मिनिटांचं काम आहे. पण दिवेलागणीला करा. आठवड्याचं एकदम लिहायला बसलात तर ती कादंबरी होते.

"पाणी किती मिनिटं" याला अर्थ येण्यासाठी एक काम एकदाच करावं लागतं. घरातलं एक लिटरचं माप घ्या. तासाला चार लिटरच्या ड्रिपरखाली पंधरा मिनिटं धरा. माप काठोकाठ भरलं तर ड्रिपर खरं बोलतो. पाईपच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटच्या टोकाला, असं एका ओळीत तीन ठिकाणी मोजा. माझ्या बागेत तोंडाला लिटर भरलं आणि शेवटच्या टोकाला पाऊण लिटरही आलं नाही. दोन वर्षं मी टोकाच्या खोडांना "जमीन हलकी आहे" म्हणून जास्त खत देत होतो. फिल्टर उघडला तर आत शेवाळ.

आता वापसा. हा शब्द जगातल्या कुठल्याही प्रश्नावलीत नाही आणि आपली सगळी शेती त्यावर चालते. त्याच मुलीला मी मूठभर माती उचलून दाबून दाखवली. गोळा झाला, बोटाने ढकलला तर फुटला, हाताला चिकटला नाही. म्हटलं, हा वापसा. तिने तिचा टेन्शिओमीटर, म्हणजे मातीतल्या पाण्याची ओढ मोजणारा काटा, तिथेच रोवला, थोडा वेळ थांबली आणि आकडा वाचला. मी वहीत दोन्ही लिहिलं, डावीकडे "वापसा" आणि उजवीकडे तिचा आकडा. असं आम्ही चार दिवस, सकाळ-संध्याकाळ केलं. ती गेली तेव्हा माझ्याकडे माझ्या मुठीचं भाषांतर होतं आणि तिच्याकडे माझ्या काळ्या मातीचं. सहकार्य सहकार्य म्हणतात ते प्रत्यक्षात असं दिसतं.

फोनवर लिहिलं तरी चालेल, पण एक सांभाळा. भाषांतराचं ॲप शेतीचे शब्द खातं. आमच्या एका भाच्याने आपली माहिती ॲपमधून काढून बाहेर पाठवली. "कांदेबाग" (सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेली केळी) चं तिकडे "कांद्याची बाग" झालं आणि समोरचा माणूस विचारत बसला, तुमचं पीक केळी की कांदा? मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडाला लावलेली केळी), कांदेबाग, पील (बुंध्याशी फुटणारं पिल्लू), फणी, कमळ (घडाच्या टोकाचं केळफूल), वापसा, असे आपले पंधरा-वीस शब्द समजावून एका पानावर लिहून ठेवा आणि शेतीच्या कॉलेजातल्या कुणाकडून त्याचं नीट इंग्रजी करून घ्या. ते पान पुढे प्रत्येक पत्राला जोडता येतं.

पायरी तिसरी : आधी जवळचं दार

परदेशाचा रस्ता बहुतेक वेळा आपल्या तालुक्यातून जातो. जळगाव जिल्ह्यात पाल आणि ममुराबादला कृषी विज्ञान केंद्रं आहेत, धुळ्यात आणि नंदुरबारला आहेत. जळगावात राहुरी विद्यापीठाचं केळी संशोधन केंद्र आहे, धुळ्यात कृषी महाविद्यालय आहे. बाहेरचा संशोधक येतो तेव्हा तो अशाच कुणाचं तरी बोट धरून येतो, आणि "कोणाच्या शेतात नेऊ?" हा प्रश्न तिथल्या माणसाला पडतो. त्या वेळी त्याला तुमचं नाव आठवलं पाहिजे. त्यासाठी वर्षातून दोन-चारदा वही घेऊन जा आणि एक नेमका प्रश्न विचारा. मेळाव्याला टोपी-पिशवी घ्यायला जाणाऱ्यांची नावं कुणाला आठवत नाहीत.

दुसरं म्हणजे बाहेरचा पैसा आणि शिकवण राज्याच्या प्रकल्पांतून गावात येते आणि आपल्याला कळतही नाही की यात परदेश आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे आपला पोकरा, जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ मध्ये सुरू झाला आणि जळगाव जिल्ह्यातली गावं त्यात होती. स्मार्ट प्रकल्पालाही जागतिक बँकच आहे, तो शेतकरी कंपन्यांसाठी. मॅग्नेट नावाच्या प्रकल्पामागे आशियाई विकास बँक आहे आणि त्याच्या पिकांत केळी आणि मिरची दोन्ही येतात, म्हणजे रावेरपासून नंदुरबारपर्यंत उपयोगाचा. या योजनांत लोक अनुदानाची ओळ आधी वाचतात. मी म्हणेन, प्रशिक्षणाची ओळ आधी वाचा. अनुदानाला रांग असते. प्रशिक्षणाच्या खुर्च्या रिकाम्या असतात.

शेतीशाळेत बसायची संधी मिळाली तर सोडू नका, आणि बसलात तर मागे बसू नका. पंचवीस-तीस जणांचा गट, ठरलेल्या दिवशी वावरात. झाड निवडायचं, पानं-पात्या-बोंडं मोजायची, शत्रुकिडी एका बाजूला आणि मित्रकिडी दुसऱ्या बाजूला लिहायच्या, मोठ्या कागदावर झाडाचं चित्र काढून सगळ्यांपुढे सांगायचं. पन्नाशीतल्या माणसाला स्केचपेन हातात धरायची लाज वाटते, मलाही वाटली. पण उभं राहून आपलं निरीक्षण दहा मिनिटांत सांगणं, हेच कौशल्य पुढे परदेशी पाहुण्यासमोर लागतं. बियाणं-खतांच्या दुकानात उभं राहून ते येत नाही.

पायरी चौथी : एकट्याने जाऊ नका

दोन एकरवाल्याशी कोणतीही परदेशी संस्था सहसा करार करत नाही. तिला गट लागतो. आपल्या भागात शेतकरी उत्पादक कंपन्या आता गावोगाव आहेत. काही नुसत्या पाटीवर आहेत. सभासद होण्याआधी गेल्या वर्षाचा हिशोब मागा. देत नाहीत तिथून चहा पिऊन निघा.

गटाचा सर्वांत मोठा उपयोग प्रमाणपत्रात दिसतो. युरोपातल्या दुकानदारांनी १९९७ मध्ये चांगल्या शेतीपद्धतींचे नियम बनवले, तेच २००७ पासून ग्लोबलगॅप नावाने चालतात. प्रमाणपत्र एका वर्षाचं असतं. ते एकट्याने काढता येतं तसं गटानेही काढता येतं. गटात खर्च वाटला जातो, पण चूकही वाटली जाते. एकाने वहीत न लिहिता फवारणी केली तर सगळ्यांचा माल अडकू शकतो.

किती बारीक नजर असते ते सांगतो. ज्या औषधासाठी युरोपात वेगळी मर्यादा ठरलेली नाही, तिथे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा धरतात. आकडा वाचून काही कळत नाही. असं समजा, शंभर टन केळीत एक ग्रॅम. एका शीतकंटेनरमध्ये साधारण वीस टन केळी जाते, म्हणजे पाच कंटेनरमध्ये मिळून चिमूटभर. शेजाऱ्याच्या कापसावरचा फवारा वाऱ्याने तुमच्या घडावर आला तरी हिशोब बिघडू शकतो. म्हणून "त्या दिवशी वारा होता का" ही ओळ वहीत हवी, असं वर लिहिलं.

आखाती देशांत माल पाठवायलाही शिस्त लागतेच. प्रवासात केळी साडेतेरा अंशांच्या आसपास ठेवावी लागते; तेराच्या खाली गेली की साल काळवंडते आणि मग ती पिकूनही पिवळी होत नाही. कमळ वेळेवर काढणं, घडाला पिशवी घालणं, फण्यांमध्ये घासू नये म्हणून मध्ये फोम ठेवणं, आणि रंगीत रिबीन. ही रिबीन मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या बागांची रीत. दर आठवड्याला निसवलेल्या, म्हणजे नव्याने बाहेर पडलेल्या, घडांना एका रंगाची रिबीन बांधायची आणि रंग वहीत लिहायचा. मग कापणीच्या वेळी "हा घड भरला वाटतो" असं म्हणावं लागत नाही, लाल रिबीन किती आठवड्यांची झाली तेवढं बघायचं. एवढं स्वस्त आणि सोपं परदेशी तंत्र दुसरं मला माहीत नाही. आमच्याकडे पहिल्या वर्षी मजुरांनी जो रंग हाताला लागला तो बांधला. सगळी बाग होळीसारखी दिसत होती. दुसऱ्या वर्षी एका आठवड्यात एकाच रंगाचं बंडल शेतात न्यायचं ठरवलं, तेव्हा कुठे जमलं.

कापसातही असंच. बेटर कॉटनसारखे आंतरराष्ट्रीय कार्यक्रम महाराष्ट्राच्या कापूस पट्ट्यात गटांमार्फत चालतात आणि त्यांत शेतकऱ्याला नोंदवही ठेवावीच लागते. कुठेही जा, वही आलीच.

पायरी पाचवी : पाहुणा बांधावर येतो तेव्हा

भरीत-पुरीचा बेत करा, कळण्याची भाकरी करा, तिखट बेताने घाला. पाहुणचार आपल्याला शिकवायची गरज नाही. पण गेटवर तीन गोष्टींत कडक राहा.

पहिली, बूट. केळीवाल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. केळीच्या मर रोगाचा टीआर-४ नावाचा प्रकार जगभर पसरतो आहे. कोलंबियाने २०१९ मध्ये त्यासाठी आणीबाणी जाहीर केली, आपल्या देशात बिहार आणि उत्तर प्रदेशात तो सापडला आहे. जी-नाईन त्याला बळी पडते. बुरशी जमिनीत गेली की दशकानुदशकं राहते आणि तिच्यावर औषध नाही. ती प्रवास करते कशावर? कंदावर, पाण्यावर आणि बुटाच्या तळव्याला चिकटलेल्या चिखलावर. जो पाहुणा दहा देशांतल्या केळीबागा बघत फिरतो, त्याच्याच बुटांची भीती सर्वांत जास्त. जंतुनाशकाच्या टबात पाय बुडवणं पुरेसं नाही, कारण चिखलात जंतुनाशक चालत नाही. आधी ब्रशने चिखल धुवावा लागतो. त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे गेटवर स्वतःचे गमबूट ठेवा. आम्ही तीन जोड घेतले. एकदा एका उंच पाहुण्याला त्यांतला एकही होईना, तर त्याने पायांवर पिशव्या बांधल्या आणि हसत हसत बाग बघितली. रागावला नाही. ज्याला विषय कळतो तो कधीच रागावत नाही; उलट गेटवर बूट बदलायला सांगणाऱ्या शेतकऱ्याची तो आपल्या वहीत नोंद करतो.

दुसरी, बी आणि माती. "थोडी वांग्याची बी नेऊ का?" असं कुणी सहज विचारतं. आपल्या भरिताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे; पण त्याही पलीकडे, २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे परदेशी माणसाला संशोधनासाठी इथलं जैविक साधन घ्यायचं तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. सरकारी मान्यतेच्या संयुक्त प्रकल्पांची वाट वेगळी असते, पण तिचाही कागद असतो. तो बघायला मागा. "ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीला विचारून सांगतो" हे वाक्य तयार ठेवा, म्हणजे तोंडावर नकार द्यायचा संकोच वाटत नाही.

तिसरी, करार. लंबाचौडा नको. एका पानावर मराठीत लिहून घ्या: कोणती माहिती घेणार, फोटोत माझं नाव येणार का, प्रयोगात नुकसान झालं तर भरपाई कोण देणार, आणि निकाल मला मराठीत दोन पानांत कधी पाठवणार. हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. एका संस्थेने आमच्या गटाकडून दोन हंगाम माहिती घेतली आणि पुढे त्यांचा फोनच बंद. आमचीच आकडेवारी आम्हाला परत मिळाली नाही. तेव्हापासून आम्ही मूळ वही हातातून देत नाही, फोटो काढू देतो.

जाता जाता, परदेशी पाहुणा घरी मुक्कामाला राहणार असेल तर २४ तासांच्या आत त्याची सरकारी नोंद करावी लागते. हॉटेल नाही, घर आहे, म्हणून सूट नाही. आदल्या दिवशी पोलीस स्टेशनला जाऊन विचारून घ्या.

पायरी सहावी : आता विमान

राज्याच्या कृषी विभागाची शेतकऱ्यांच्या परदेश अभ्यास दौऱ्याची योजना आहे. ठरलेल्या मर्यादेपर्यंत निम्मा खर्च सरकार देतं, उरलेला आपला. सातबारा, आठ-अ आणि पासपोर्ट लागतो. चौकशी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. जाहिरात आली की पासपोर्टला धावणारे मागे राहतात, म्हणून पासपोर्ट आधीच काढून ठेवा.

कुठे जायचं हे पिकावरून ठरवा. केळीवाल्याने नेदरलँड्सची काचघरं बघून काय आणायचं? त्याला फिलिपिन्स जास्त कामाचं. ठिबक आणि खारट पाण्यासाठी इस्रायल. दौऱ्यात दिवसाला चार ठिकाणं दाखवत असतील तर एका ठिकाणी अर्धा दिवस मागा, आणि मालकापेक्षा तिथल्या मजुराशी बोला. फळ कापणारी सुरी कशी धरतात हे त्याला माहीत असतं.

येताना बॅगेत पील, कंद, बी काही टाकू नका. २००३ च्या आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, आणि हा नियम आपल्याच बागांसाठी आहे. नवीन वाण खरंच हवा असेल तर रीतसर वाट आहे. बेल्जियममध्ये, जिथे केळीचं शेत नाही, तिथे ल्युव्हेनला १९८५ पासून जगभरच्या केळीची पेढी आहे. १६०० पेक्षा जास्त नमुने काचेच्या नळ्यांत ठेवलेले. संशोधन संस्थांना तिथून रोगमुक्त रोपं मिळतात. आपली देशाची संस्था त्रिचीला आहे, राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र. मागणी कृषी विज्ञान केंद्रामार्फत तिकडे पोचवा.

शिकायला जाणं आणि मजुरीला जाणं यांत फरक करा. दोन्हींत कमीपणा नाही. जपानने कुशल कामगारांसाठी जी वाट काढली आहे तिच्यात शेतीही आहे आणि भारताशी त्याचा करार २०२१ मध्ये झाला. पण आमच्या शेजारच्या गावातल्या एका पोराकडून "परदेशात शेतीचं ट्रेनिंग, पगारासकट" म्हणून एका एजंटाने पैसे घेतले आणि व्हिसा दिला फिरायचा. एजंटाचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासल्याशिवाय एक रुपया देऊ नका. ज्यांना घर सोडून जाता येत नाही, बायामाणसांना तर बहुतेकदा नाहीच, त्यांच्यासाठी जागतिक अन्न व कृषी संघटनेचे ऑनलाईन वर्ग फुकट आहेत. मराठीत नाहीत, हा त्यांचा दोष. घरातल्या कॉलेजवाल्या पोरीला शेजारी बसवा. तिचंही इंग्रजी सुधारतं.

पायरी सातवी : आल्यावर चार ओळी

परत आल्यावर सगळी बाग बदलायची हौस येते. चार ओळींवर थांबा. चार ओळी नव्या पद्धतीने, शेजारच्या चार ओळी नेहमीच्या पद्धतीने, पाणी-खत दोन्हींचं वहीत वेगळं. टोकाची ओळ धरू नका, तिला ऊन-वारा वेगळा लागतो.

काय उचलायचं आणि काय सोडायचं, याचं एक उदाहरण देतो. अमेरिकेने २०१८ मध्ये तिथल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. ऐकणाऱ्याला वाटतं, तेच औषध आणावं. औषध नव्हतंच. बीटी कपाशी, कामगंध, विमानातून सोडलेले वांझ पतंग, आणि हंगाम संपल्यावर सगळ्यांनी एकदम शेत मोकळं करणं, असं सगळं मिळून वर्षानुवर्षं केलं. वांझ पतंगांचा कारखाना पारोळ्यात उभा राहणार नाही. पण शिवारातल्या सगळ्यांनी एका आठवड्यात पऱ्हाट्या काढणं, हे ग्रामसभेत ठरू शकतं. फुकट आहे, म्हणून अवघड आहे. चुलतभाऊ फरदड ठेवतोच. त्याच्याशी बोलायला सापळ्यांचे दोन वर्षांचे आकडे लागतात.

आपल्याकडे धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं बारीपाडा आहे. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, पण गावाने जंगल राखायचं ठरवलं त्याला कितीतरी वर्षं झाली. वनभाज्यांचा महोत्सव असतो तेव्हा जाऊन या. एकत्र नियम पाळणारं गाव कसं चालतं ते बघायला पासपोर्ट लागत नाही.

प्रयोगाचा निकाल लागला, चांगला किंवा वाईट, की ज्याच्याकडून शिकलात त्याला कळवा. मी त्या मुलीला टोकाच्या ओळींचं पाणी सुधारल्यानंतरचे आकडे पाठवले. तिने उत्तरात तिच्या पुढच्या प्रश्नावलीचा मसुदा पाठवला. त्यात "क्षेत्र" या रकान्याशेजारी एक नवा रकाना होता: खोडांची संख्या.

यंदा कांदेबाग लावणार असाल तर वही दसऱ्याआधी आणा. मृगबाग आधीच उभी असेल तर उद्या सकाळी ऊन चढायच्या आत खोडं मोजायला सुरुवात करा. दोन माणसं लागतात, एक मोजायला आणि एक लिहायला, आणि मोजणाऱ्याशी मध्येच कुणी बोलू नये.